गादी जळूही नये, बाधूही नये

पाळण्यातल्या गाद्या शिवणाऱ्या त्या छोट्या कारखान्याच्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत, त्यांच्याहून थोरले कारागीरसुद्धा. ताईंचा आवाज एरवी मऊ. पण त्या वर्षी तो जो चढला, तो खाली यायचं नाव घेईना.

आधी अग्निसुरक्षेच्या साहेबांनी गादी नापास केली. "आतला फोम कागदासारखा पेटतो. आगरोधक औषध मारा." मारलं. मग बालआरोग्याच्या डॉक्टरीणबाईंनी नापास केली. "हे औषध बाळाच्या पोटात जाईल. काढा." काढलं, तर पुन्हा साहेब आडवे! दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत, एक खाली, एक वर. गादी काखोटीला मारून जिने चढता-उतरता ताईंचे गुडघे बोलायला लागले.

"अहो, तुम्ही दोघं एकदा आपसात बोला ना!"

"ते आमच्या अखत्यारीत येत नाही," दोघांचंही एकच उत्तर.

घरी सून कुरकुरली, "आई, ही पोरगी गादीचा कोपरा तोंडातून सोडत नाही हो. चोखून चोखून चिंब करते." ताई नातीकडे बघत राहिल्या. आपल्याच हातच्या मालाची आपल्याला धास्ती वाटावी, याचा त्यांना भयंकर संताप आला.

"आला नाहीत तर मी जिन्यातच बसून राहीन," असं बजावून त्यांनी दोघांना कारखान्याच्या अंगणात आणलं. साध्या गादीला काडी लावली. बघता बघता काळ्या धुराचा लोट उठला. डॉक्टरीणबाई मागे सरल्या. मग ताईंनी औषध मारलेल्या कापडाचा तुकडा साहेबांपुढे धरला.

"घ्या, चघळा."

साहेबांनी हात मागे घेतला.

मग ताईंनी नवी गादी पुढे केली, घट्ट विणीच्या लोकरी कापडात शिवलेली, औषधाचा थेंबही नाही. ज्योत लागली, कापड काळवंडलं आणि आग आपोआप विझली. तेव्हा कुठे त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तरीही परवानगीला महिनोन्महिने लागले. मिळाली ती अटींसकट. साहेबांना आगीची सूचना लिहिलेली पट्टी गादीला शिवून हवी होती. डॉक्टरीणबाईंना एकही लोंबती पट्टी नको होती.

ताईंनी कपाळावर हात मारला. "देवा, उचल रे मला!" मग कारागिरांकडे वळल्या. "सूचना खालच्या बाजूला छापा. आणि शाई कुठली चालेल ते विचारायला मी जिना चढणार नाही. ज्यांना पडलंय त्यांनी इथे यावं."

डॉक्टरीणबाई खरंच आल्या. साहेबांनाही सोबत घेऊन आल्या.