जहाजाची तूर

व्यापाऱ्याने आमच्या तुरीच्या ढिगातून मूठ भरली, एक दाणा दाताखाली फोडला आणि बाकीचे फरशीवर फेकले. मेहकरच्या बाजारात हीच रीत. खाली पडलेला दाणा पिकवणाऱ्याचा नाही, बाजार झाडणारीचा. तरी आई वेचायला वाकली. जानेफळच्या आमच्या रानात ती सांडलेला दाणा कधी सोडत नाही. त्याने बूट पुढे करून दाणे दाबून धरले.

"राहू दे बाई. झाडणारीचं हाये ते."

मग त्याने भाव पुकारला. ऐकून मी विचारलं, "इतका कमी काऊन?"

"बाहेरदेशातून जहाजं भरून तूर येऊन राह्यली. तुही तूर कोन घेते?" आईकडे बघून तो हसला. "अन् तुमच्या लोकाले तूर कवापासून लागते? वाटाण्याची दाळ खा ना."

तुमच्या लोकाले. म्हणजे कुठल्या जातीच्या, ते मला कळलं. आजूबाजूच्या सगळ्यांना कळलं.

आणि खरं सांगते, घरी आम्ही वाटाण्याचीच डाळ खात होतो. तीही परदेशी. तूर पिकवायची, विकायची आणि स्वस्त म्हणून पिवळा वाटाणा आणायचा. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी बाजार समितीच्या साहेबाला गाठलं. तो म्हणाला, "जागतिक व्यापार आहे, ताई. नियम असतात."

नियम! बाहेरची तूर बिनकराची आणायला सरकारला एक सही पुरते. आमची तूर हमीभावाने घेऊन गरिबांना रेशनवर द्या म्हटलं, की दुसरे देश डोळे वटारतात: शेतकऱ्याला इतकी मदत चालणार नाही. शहराला स्वस्त वरण हवं. ते आमच्या ताटातून जातं.

एकदा ढीग ओतला की कोणी परत भरत नाही. बाजाराची हीसुद्धा रीतच. मी परत आले आणि घमेल्याने पोती भरायला लागले. आईने पोत्याचं तोंड धरलं.

व्यापारी ओरडला, "घरी नेऊन काय करशीन?"

"खाईन."

त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या बायकांनी आपापली तूर घरीच भरडली. लेकरांनी घट्ट वरण पोटभर खाल्लं. बाकीची कोठीत ठेवली. व्यापाऱ्याचा माणूस चकरा मारून गेला. त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मला माफी नको. सूड हवा. एखाद्या वर्षी, जहाजं येतात त्या देशात पाऊस पडणार नाही. तिकडचं सरकार आपली तूर आपल्याच माणसांसाठी ठेवील. जहाज येणार नाही. मग तो व्यापारी आमच्या दारात उभा राहील. रेशनच्या रांगेतून रिकाम्या हाताने परतलेल्या बाईला मी त्याच्या डोळ्यांदेखत पायलीभर तूर मोजून देईन. त्याला एक दाणा देणार नाही.