दाढेमागची पिन

"ही दात घासतच नाही, डॉक्टरसाहेब. सांगून थकले मी."

हे माझी मोठी जाऊ बोलली. मी शेजारीच बाकावर बसले होते, पण माझा जबडा मिटला होता. दातांत बोटही शिरत नव्हतं. अंगात ताप, गाल सुजून डोळा अर्धा झाकलेला आणि पोटात सातवा महिना. डहाणूच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साधं विचारलं होतं, दाढेत लोखंडाचं काही टोचलंत का? उत्तर जावेला ठाऊक होतं. पिन तिचीच होती.

तेव्हा आम्ही दोघी घोलवडला चिकूच्या वाडीत करंड्या भरायला जायचो. माझी अक्कलदाढ अर्धीच वर आली होती, अर्ध्या दाढेवर हिरडी चढलेली. त्या फटीत भात अडकायचा, सुक्या बोंबलाचे तंतू अडकायचे. बाभळीच्या काडीने पुढचे दात लख्ख व्हायचे, पण काडी तिथवर पोचत नव्हती. दिवस गेल्यापासून हिरड्यांतून रक्तही येत होतं.

वाडीत जेवण झालं की बायका झाडाखाली बसून दात कोरायच्या. कोणाच्या तरी बांगडीला सेफ्टी पिन असायचीच, ती हातोहात फिरायची. तिनेच पायातले काटे काढायचे, तिनेच दात कोरायचे. पदराला पुसली की झाली स्वच्छ. जावेने तिची पिन मला दिली. म्हणाली, "खोल घाल अगं, घाबरतेस काय? निघेल सगळं." मी घातली. खूप दुखलं, पण घास निघाला. मग मी रोजच कोरायला लागले. पिन माझ्याच बांगडीला राहिली.

तर दवाखान्यात ती असं बोलली. सासूही आमच्यासोबत आली होती. ती लगेच म्हणाली की हिच्या माहेरी झरीला हीच तऱ्हा, बाळंतपणाला आत्ताच तिकडे पाठवून देऊ. डॉक्टर औषध लिहायला वळले. मला पोटातलं हललेलं कळलं. मी बांगडीची पिन काढली, उघडली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मग गालाकडे बोट केलं.

त्यांनी पिन उजेडात धरली. टोकाला गंज होता. ते जावेवर ओरडले नाहीत, नर्सबाईंना हाक मारून दोन इंजेक्शनं काढायला सांगितली. एक धनुर्वाताचं होतं. जाऊ भिंतीकडे बघत उभी राहिली.

ती खोटं का बोलली ते मी पुढे माझं मीच ओळखलं. तिला मूल नव्हतं. पिन तिने दिली हे कळतं तर सासू म्हणाली असती, हिने मुद्दाम केलं. तिची भीती खरी होती. पण तिच्या भीतीपायी मी मेले असते, हेही खरं.

तोंड उघडायला लागल्यावर नर्सबाईंनी शिकवलं. जेवल्यावर कोमट पाण्यात मीठ घालून गालात जोरात खळखळवायचं. काडी चावून चावून मऊ कुंचा करायचा, तो आडवा धरून शेवटच्या दाढेमागे हलके फिरवायचा. दातांच्या फटीत शिवणाचा धुतलेला दोरा ओढायचा. हिरडीवर बोटाने मीठ घासायचं नाही, साल निघते. लोखंड तोंडात घालायचं नाही. मीठ, काडी, दोरा, सगळं घरातलंच. जाऊसुद्धा ऐकत होती. घरी आल्यावर तीही दोरा वापरू लागली, माझ्यासमोर नाही.

आम्ही एकाच चुलीवर पुढे पुष्कळ वर्षं रांधलं. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. मी तिच्या हातचं खाल्लं, पण दुखण्याखुपण्यात तिला परत काही विचारलं नाही.

मला दिवस भरून मुलगी झाली. मी जगले, मुलगीही जगली.