रस्त्यात भरलेली ओटी

ये, अशी जवळ सरक. एवढ्या महिन्यांनी आलीस, अजून चपला काढल्या नाहीस, आणि उंबऱ्यातूनच विचारतीस, "मावशी, तू म्हणे विहिणीला फसवून शर्यत जिंकलीस?" म्हणजे आधी तिच्याकडं जाऊन आलीस. तिच्या हातचे शेंगदाण्याचे लाडू खाल्लेस, तिची बाजू ऐकलीस आणि मग सख्ख्या मावशीची आठवण झाली. असं करू नये बाई. बस आता. तुला निम्मं ठाऊक असलं तरी मी पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं की माझाच दोष दिसतो.

विहीण म्हणजे माझ्या लेकीची सासू. आमची दोन्ही घरं तुळजापुरातच. गाव एक म्हणून बरं वाटलं होतं लग्न ठरवताना. आता कळतं की विहीण कशी दूरच्या गावची असावी, सणावारालाच दिसावी. मला साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला. शाळेच्या मैदानावर सकाळी पळणाऱ्यांचा एक क्लब आहे, निवृत्त झालेले पीटीचे सर तो चालवतात. मी तिथं चालायला गेले आणि चालता चालता पळायला लागले. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पायात बूट. साठीच्या पुढच्या बायकांत पळणारी मी एकटीच. सर सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचे.

हे विहीणबाईंच्या कानावर गेलं. पुढच्याच आठवड्यात बाई मैदानावर हजर. लेकानं आणलेला ट्रॅकसूट, वर टी-शर्ट, चकचकीत बूट. माझ्याकडं खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, "विहीणबाई, ओढणी लावून कुणी पळतं व्हय? पायात आली म्हणजे?"

ही ओढणी लक्षात ठेव. पुढं तिचं काम आहे.

आता आमच्या क्लबातली रीत सांगते. रविवारी पळून झालं की सगळे मैदानाच्या कडेला लिंबाखाली चहाला बसतात. बाकीचे सतरंजीवर, पण एक खुर्ची असते, लाल प्लास्टिकची, हाताची. वर्षातून एकदा मोठी शर्यत होते, दहा किलोमीटरची, दरसाल वेगळ्या रस्त्याला. गाव लांबचं असलं की सर सगळ्यांना टेम्पोनं तिथवर नेऊन सोडतात. त्यात आमच्या वयाच्या बायकांत जी पुढं येईल तिनं वर्षभर त्या खुर्चीत बसायचं, आणि जी मागं राहील तिनं वर्षभर तिला चहा ओतून द्यायचा. क्लबातल्या पोरींनी गंमत म्हणून काढलं हे. त्यांना गंमत. मुलीकडच्या बाईनं मुलाकडच्या बाईपुढं कपबशी धरून उभं राहायचं म्हणजे काय, ते त्या पोरींना कळायला त्यांची लग्नं व्हायला पाहिजेत.

पहिली शर्यत धाराशिवच्या रस्त्याला झाली. मी पुढं होते. चांगली पुढं. शेवटचं वळण राहिलं होतं, पलीकडं सरांचा मंडप दिसत होता. तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो विहीणबाई, थांबा की जरा. घसा कोरडा पडलाय. घोटभर पाणी द्या."

साखरेमुळं माझ्या कमरेला पाण्याची लहान बाटली कायम असते. तूच सांग, मुलाकडची बाई पाणी मागती आणि मुलीकडची तशीच पुढं पळती, असं आपल्या घराण्यात कधी झालंय का? पाय आपोआप थांबले. बाटली दिली. तिनं निवांत पाणी पिलं, जसं काय पंगतीला बसलीये. झाकण लावलं, बाटली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "येते हं." आणि सुटली की गं बाण सुटल्यासारखी. मी बाटली ओढणीत खोचेस्तोवर बाई मंडपात.

तिथं जाऊन गप्प बसावं ना. नाही. सगळ्या क्लबादेखत म्हणते, "विहीणबाईंनी पाणी दिलं म्हणून पोचले. मुलीकडची माणसं लई मानाची हो." सर हसले, पोरी हसल्या.

मग वर्षभर ती खुर्चीत आणि मी थर्मास घेऊन पुढं. चहा ओतायला माझी हरकत नव्हती, हात काही झिजत नाहीत. पण तिचं तोंड. एका रविवारी म्हणायची, "चहा कोमट झालाय विहीणबाई." दुसऱ्या रविवारी, "साखर जरा हात सैल सोडून घाला. लग्नातल्या बुंदीसारखं करू नका." लेकीच्या लग्नात शेवटच्या पंगतीला बुंदी कमी पडली होती. लेकीला लेकरू झालं, ते बालवाडीत जायला लागलं, पण ती बुंदी अजून काही संपत नव्हती.

त्या दिवसापासून मी मनात धरलं. देवाला दिवा लावताना लोक काय काय मागतात. मी म्हणायचे, हिला एकदा माझ्यापुढं थर्मास घेऊन उभी कर, बाकी माझं काही मागणं नाही. तुझे काका म्हणायचे, "अगं, खेळ आहे, खेळासारखा घ्यावा." मी म्हटलं, "तुमच्या व्याह्यानं दर रविवारी तुमच्याकडून चहा ओतून घेतला असता म्हणजे बघितलं असतं मी." तेव्हापासून ते या विषयात बोलत नाहीत.

पहाटे उठून पळायची मी. थंडीत, धुक्यात. पण एक गोष्ट आहे, तिचे पाय लांब आहेत, आणि आता तिलाही सराव झाला होता. मी कितीही जोर केला तरी ती चार पावलं पुढंच दिसायची. नुसत्या पायांनी हे जमायचं नाही, हे मला दिवाळीपर्यंत कळून चुकलं.

आणि मग एका रविवारी सर म्हणाले, "यंदाची शर्यत तामलवाडीच्या रस्त्याला."

तामलवाडी म्हणजे तुझं आजोळ, माझं माहेर. भावाचं घर रस्त्याला लागूनच. मी थर्मास उचलला. विहीणबाईंचा चहा ओतला आणि पहिल्यांदा त्यात साखर मन लावून घातली. तिनं घोट घेतला. "आज बरा झालाय."

"होय विहीणबाई," म्हटलं. "आज मनासारखा झाला."

घरी येऊन भावजयीला फोन लावला. तुझी मामी तुला ठाऊकच आहे, मानपानात तिचा हात कुणी धरायचा नाही. म्हटलं, "वहिनी, आमच्या विहीणबाई तुमच्या दारावरनं जाणार आहेत."

"मग?"

"लग्न झाल्यापासून कधी आल्यात का तुमच्या दारात?"

"न्हाय की. दोनदा बोलावलं, आल्या न्हाईत."

"मग आता दारावरनं तशाच रिकाम्या जातील व्हय?"

फोनवर आधी हसण्याचा आवाज आला. "वन्सं, ओटी म्या एकटीच भरू, का गल्लीतल्या बाया बोलवू?"

"तुम्हाला शोभेल तसं करा," म्हटलं मी. एवढंच बोलले. यात फसवणूक कुठं आहे ते मला दाखव.

शर्यतीच्या सकाळी गार वारा होता. दोन्ही अंगाला ज्वारी निसवलेली, कणसं वर आलेली. मी मागं, ती पुढं. तिनं दोनदा वळून बघितलं आणि दुसऱ्यांदा हात हलवला, गाडीला बसलेल्या माणसानं हलवावा तसा. हलव म्हटलं, हलवून घे. मी जोरच केला नाही. दम राखून ठेवला होता.

तामलवाडी आली. रस्त्याच्या कडेला पाट मांडलेला, भोवती रांगोळी. मामी जरीचं लुगडं नेसून उभी, हातात ताट. तिच्या शेजारी गल्लीतल्या चार सवाष्णी, त्यांच्याही हातात ताटं. एकीजवळ परात आणि तांब्या. विहीणबाईंना वाटलं, कुणाची मिरवणूक यायचीये. त्या बाजूनं निघाल्या, तर मामी आडवी आली.

"या विहीणबाई, या. आमच्या दारावरनं अशा कोरड्या निघालात व्हय?"

"अहो, शर्यत हाय. माघारी येताना थांबते."

"शर्यत दरसाल हाय. विहीण दारात येणं दरसाल न्हाय."

"सोडा हो, वेळ जातोय."

त्यावर शेजारची म्हातारी सवाष्ण पुढं झाली. "बाई, ओटीचं ताट समोर आल्यावर पाठ फिरवत न्हाईत. तुमच्या लेकाबाळांसाठीच भरतोय."

आता बोल. लेकाबाळांचं नाव निघाल्यावर कोणती बाई पुढं पाऊल टाकील? बाई थांबल्या. मी तोवर जवळ आले होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं. तिच्या डोळ्यांत ते उमटलेलं मी बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, त्या एका नजरेसाठी मी आणखी एक वर्ष चहा ओतला असता.

मी पळता पळता हात जोडले. "विहीणबाई, मानाला नाही म्हणू नका. बूट मात्र काढा, बुटावर ओटी घेत नाहीत."

त्या बुटांच्या नाड्यांना लेकानं शिकवलेली दुहेरी गाठ. ती सोडवायला बाई खाली बसल्या आणि मी राखून ठेवलेला सगळा दम पायात उतरवला.

पुढचं मला मामीनं सांगितलं. बूट निघाले, मोजे निघाले, पाटावर उभं केलं, पायावर पाणी घातलं. गेल्या साली तिनं माझ्याकडं पाणी मागितलं होतं ना, हे त्याच्यावरचं. मग हळदकुंकू. मग ओटी, तर पदर कुठाय? टी-शर्टला पदर नसतो. ओढणी असती तर कामाला आली असती. शेवटी बाईंनी टी-शर्टचा खालचा घेर दोन्ही हातांनी धरला. मामीनं पाच ओंजळी गहू, खण, नारळ, हळकुंड, सुपारी, सगळं यथासांग घातलं. मग दुसरी सवाष्ण. मग तिसरी. प्रत्येकीच्या पाच ओंजळी. नारळ मात्र एकच ठेवला, मामीला दया आली म्हणे. मला आली नसती.

मी मंडपात पोचले, शिट्टी वाजली, सरांनी पाणी दिलं. मी बसले नाही. रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. बऱ्याच वेळानं विहीणबाई दिसल्या. कपाळभर कुंकू, ओल्या पायांवर तसेच चढवलेले बूट, मोजे खिशातून लोंबतायत, आणि टी-शर्टच्या घेरात गहू आणि नारळ पोटाशी धरून बाई चालतायत. पळता येईना, गहू सांडला असता. ओटीतला दाणा रस्त्यात सांडायचा नसतो, आणि तिनं सांडला नाही, हे मी कबूल करते. क्लबातल्या पोरी हसून हसून खाली बसल्या.

माझ्यासमोर येऊन थांबली. "विहीणबाई, पाच जणींनी भरली. पाच पाच ओंजळी."

"मोजल्या का तुम्ही?"

"मोजायलाच तर वेळ होता."

मी म्हटलं, "मुलीकडची माणसं लई मानाची हो." सगळ्या क्लबादेखत म्हटलं, मुद्दाम सावकाश.

त्यानंतरच्या रविवारी मी त्या लाल खुर्चीत बसले. तिनं चहा ओतला. मी घोट घेतला आणि कप परत दिला. "विहीणबाई, मला बिनसाखरेचा लागतो. ठाऊक आहे ना?" तिनं पुन्हा करून आणला. असं मी तीन रविवार केलं. बिनसाखरेचा चहा एवढा गोड लागतो हे मला या वयात कळलं.

लेक मला म्हणाली, "आई, जरा दमानं घे. मला त्यांच्याच घरात राहायचंय."

"तुला काही बोलल्या का?"

"मला न्हाय बोलत. मला रोज पहाटे उठवतात आणि सोबत पळायला नेतात. म्हणतात, तुझी आई चढाला कुठं दमती ते सांग."

"सांगितलंस?"

लेक एकदम लेकराचे केस विंचरायला लागली. लग्न झालेली लेक ही अशी असते, बघ.

आता तुला जे तिनं सांगितलं नाही ते सांगते. गेल्या रविवारी तिनं माझ्यापुढं कप धरला तर चहात आलं घातलेलं, साखर नाही, वाफ निघतीये. मी म्हटलं, "आज बरा झालाय."

"होय विहीणबाई," ती म्हणाली. "आज मनासारखा झाला."

मी कप खाली ठेवला. तेवढ्यात सर उठून म्हणाले, "यंदाची शर्यत वाशीच्या रस्त्याला. विहीणबाईंचा लई आग्रह होता."

वाशी तिचं माहेर. तिचे भाऊ किती, भावजया किती, चुलत्या-मावश्या किती, याला मोजदाद नाही. माझ्या वहिनीनं पाच बायका उभ्या केल्या. ही गल्लीच्या गल्ली उभी करील. पाट, परात, ताटं, आणि वर जेवूनच जा म्हणतील. आणि मला नाही म्हणता येणार नाही. तिनं एकदा तरी "सोडा हो" म्हटलं. मी मुलीकडची, मला तेवढंही म्हणायची सोय नाही.

बिननाडीचे बूट आणलेत मी. ओढणी आहेच. पण तेवढ्यानं भागायचं नाही. तिथं माझं एक माणूस पाहिजे, जे आधी जाऊन त्या बायकांत बसेल. तुझं तोंड आपल्या घराण्याचं आहे. तू बोलायला लागलीस की बायका हातातलं ताट खाली ठेवून ऐकतात. त्यांना तुझ्या लग्नाचं विचारू दे, नोकरीचं विचारू दे, सगळं सांग, लांबवून सांग. तोवर मी पुढं निघून जाते. खुर्ची मी सोडणार नाही.

आज जातीस तर जा, पण शर्यतीआधी आठ दिवस ये. माझ्याकडंच उतर, आणि आधी तिच्याकडं लाडू खायला जाऊ नकोस. मी करून ठेवते. लवकर ये.