समुद्राच्या पाण्याला एक उकळी

परभणीत बसून समुद्रातल्या जिवाणूंवर काम करणारी बाई म्हणजे लोकांना टिंगलीला आयतंच गिऱ्हाईक. आमचे सरसुद्धा विचारायचे, भरती आली का म्हणून. मला लय राग यायचा.

रत्नागिरीकडचा चिखल एसटीनं आणून त्यातून मी एक जिवाणू मिळवला होता. ज्वारी काळी पाडणारी बुरशी त्याच्याजवळ फिरकत नसे. बुरशी ज्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, जोरावर आपल्या पेशींची भिंत बांधते, त्या विकरालाच अडवणारं काहीतरी हा पाण्यात सोडतो, असा माझा अंदाज होता. सगळी पीएच.डी. या अंदाजावर टांगलेली. आणि हा गडी इतका लाडावलेला, की दर दोन-तीन दिवसांनी ताज्या खारट पाण्यात उतरवला नाही तर मरायचा.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. बंद पुकारला गेला, कॉलेजला टाळं लागलं, वसतिगृह रिकामं करा म्हणाले. मी त्या जिवाणूची एकुलती एक बाटली छातीशी धरून ताडकळसला घरी आले. मायला बजावलं, याला जप, खराब होऊ देऊ नको, आणि अंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघते तर बाटली धुऊन पालथी घातलेली आणि चुलीवरच्या पातेल्यात माझं पाणी खळखळतंय. "वास यायला होता बाई. इटून जाईल म्हनून उकळी दिली," माय म्हणाली. शिळ्या वरणाला द्यायची तशी! डोकं धरून मी तिथंच बसले. जिवंत होतं गं ते, एवढंच तोंडातून निघालं.

कॉलेज उघडल्यावर चिडूनच ते उकळलेलं पाणी बुरशीच्या बशीत टाकलं. बुरशी थांबली! सर खुर्चीतून उठलेच. उकळूनही गुण जात नाही म्हणजे मोठी गोष्ट, आता ताजं करा, म्हणाले. कशातून करू, कपाळ माझं? पुन्हा रत्नागिरी गाठली, त्याच खडकाखालचा चिखल उपसला. नाना तऱ्हेचे जिवाणू निघाले, तो काही निघाला नाही. शेवटी सर म्हणाले, विषय बदला.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ढसाढसा रडले. मायनं विचारलं, ते उकळलेलं पाणी वाया गेलं का. नाही, म्हटलं, त्याला काहीच झालं नाही.

"मंग टिकलं की. रडायलीस कशाला?" असं म्हणून तिनं सकाळचं वरण चुलीवर ठेवलं.