वेगळी किटली

"एक किटली, एक चहा!" असं म्हणून साहेब तर्जनी वर करायचे आणि समोरच्याने मान डोलावल्याशिवाय ती खाली आणायचे नाहीत. तुम्ही त्यांच्याकडे मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन जा, नाहीतर रजेचा अर्ज घेऊन जा, आधी ती तर्जनी. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. उतारवयात एखादा नाद लागतो, आणि मग त्याला वाटायला लागतं की जगाला हे कळत नाही म्हणून जग मागे राहिलंय.

साहेब म्हणजे माती परीक्षण प्रयोगशाळेतले माझे वरिष्ठ. शेतकऱ्यांनी पिशवीत भरून आणलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची, हे माझं काम. तिच्यात काय कमी आहे ते लिहून खाली सही ठोकायची, हे त्यांचं. जन्मभर चिखली तालुक्याची काळी माती हाताळल्यावर माणसाचं मातीवरून मन उडायला पाहिजे. यांना पन्नाशीत चीनच्या मातीचा नाद लागला. तिकडे यिशिंग म्हणून गाव आहे म्हणे. तिथल्या जांभळट मातीच्या, आतून-बाहेरून कसलीही चकाकी न चढवलेल्या, मुठीत मावतील एवढ्या किटल्या. साहेबांचा भाचा पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतून वरचेवर चीनला जायचा. तो येताना एकेक घेऊन यायचा, आणि इकडे मामाचं डोकं आणखी थोडं फिरायचं.

आमच्या शिपायाने पहिली किटली पाहिली तेव्हा भाबडेपणाने विचारलं, "चिनी माती म्हंजे लोणच्याच्या बरणीवानी ना, साहेब?"

साहेबांचा चेहरा असा झाला, जणू त्याने कुळाला शिवी दिली. "बरणी? अबे, ते चिनी माती. हे चीनची माती! बरणीवर काच चढवलेली असते. इच्यावर काहीच नाही. हे माती श्वास घेते."

घेत असेल बापडी. प्रयोगशाळेच्या दारात चाळीस शेतकरी ताटकळत उभे होते, तेही श्वास घेत होते. पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला साहेबांना वेळ नव्हता.

त्यांचं शास्त्र असं की, उघडी माती चहा पिते. दर वेळी थोडा थोडा आत मुरतो. म्हणून ज्या किटलीत एकदा एक चहा केला, तिच्यात जन्मभर तोच करायचा. साबण लावायचा नाही, घासायची नाही, फक्त गरम पाण्याने खंगाळायची. वर्षानुवर्षं असं केलं की पुढे नुसतं उकळतं पाणी ओतलं तरी चहाची चव येते. "मातीले सारं याद राह्यते, भाऊ," ते मला सांगायचे. अमडापूरकडचा एक म्हातारा शेतकरी हे सगळं कान देऊन ऐकत होता. त्याने शेवटी विचारलं, "मंग साहेब, पत्ती काऊन टाकून राह्यले?" साहेब त्या दिवशी त्याच्याशी पुढे एक शब्द बोलले नाहीत. मी चाळणी तोंडासमोर धरून हसून घेतलं.

घरी दिवाणखान्यात त्यांनी काचेचं कपाट करून घेतलं होतं. त्यात अकरा किटल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी: चहाचं नाव आणि पहिल्यांदा केल्याची तारीख. मातीच्या नमुन्यांच्या पिशव्यांवर आम्ही लावायचो तशीच. बसक्या, पातळ किटलीत हिरवा चहा, कारण त्याला फार ऊब सोसत नाही. गोल पोटाचीत ऊलाँग, कारण त्याच्या पानाला फुलायला जागा लागते. जाड भिंतीच्या किटलीत पुअर म्हणून एक जुना चहा, थापून वाळवलेला, दिसायला थेट गोवरी. कोणाशी कोणाचं जमतं हे ठरवण्यात साहेब महिने घालवायचे. पोरीचं स्थळ ठरवताना त्यांनी एवढा विचार केला नव्हता, हे मी ऐकीव सांगत नाही. तेव्हा रजा मागायला मीच त्यांच्यासमोर उभा होतो; फोनवर पाच मिनिटांत होकार देऊन ते मोकळे झाले.

आणि चहा मिळायचा तरी कसा? आधी रिकाम्या किटलीवर गरम पाणी ओतायचं. मग आत पत्ती, तिच्यावर पाणी. हा पहिला चहा प्यायचाच नाही, तो किटलीच्या अंगावर ओतायचा. नमनालाच घडाभर तेल. एवढं झाल्यावर संक्रांतीच्या बोळक्याएवढ्या कपात दोन घोट फिकं पाणी समोर यायचं आणि साहेब डोळे मिटून विचारायचे, "काही जाणवलं?" आपल्याकडे पाहुण्याला साखर जाणवेल असा चहा देतात. पाहुण्याला जाणवायचं ते एवढंच की, आपण चुकीच्या घरी आलो.

वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, यावर तोड काढली होती. साहेबांच्या दोन घोटांनंतर त्या दारातून म्हणायच्या, "भाऊ, जरा आत या, एक कागद वाचून द्या." आत स्टीलच्या पातेल्यात आल्याचा, दुधाचा, भरपूर साखरेचा चहा तयार असायचा. चिखलीतल्या ओळखीच्या अर्ध्या लोकांनी असे कागद वाचले आहेत. साहेबांना याचा कधी पत्ता लागला नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या आधी काही दिवस त्यांनी ऑफिसात एक पुडी माझ्या नाकाशी धरली. लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा. मी नेहमीसारखा टर उडवायच्या तयारीत होतो, पण वास घेतला आणि तोंडून निघून गेलं, "साहेब, हा तर आमच्या मायच्या चुलीवरचा." माय कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या जाळायची. दूध नसायचंच. त्या काळ्या चहात धूर उतरलेला असायचा आणि त्याला आम्ही नावं ठेवायचो. हे मी का सांगत बसलो कोण जाणे. साहेबांनी एकदाही तर्जनी वर न करता सगळं ऐकलं. चौदा वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. मी गेलो तर ते व्हरांड्यातच उभे, लहान पोरासारखे खूश. "या, या. तुमाले काही दाखवाचं हाय." व्हरांड्याच्या भिंतीत एक दिवळी होती. तिच्यात नवी बारावी किटली. शेजारी एकच कप, पालथा घातलेला. खाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर माझं आडनाव.

"हे तुमची," साहेब म्हणाले. "हे धुराच्या चहाची. इच्यातून मी दुसऱ्या कोणालेच देणार नाही. कपही तुमचा वेगळाच ठेवला."

मी त्या पालथ्या कपाकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं, मी भारावलो. ते आणखी रंगले. "आत कपाटात नाही ठेवली. बाकीच्याइले वास लागते."

आता तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावात एस.टी. थांब्यावर चहाचं हॉटेल होतं. त्याच्या बाहेरच्या दिवळीत कान तुटलेला एक कप पालथा असायचा. तो आमच्या लोकांचा. माझ्या बापाने तो स्वतः काढायचा, खाली धरायचा, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झाला की स्वतःच विसळून परत पालथा ठेवायचा. मी चार-पाच वर्षांचा असताना बापाचं बोट धरून हे पाहिलं आहे. एक दिवस बापाने चहा प्यायला, कप विसळला आणि समोरच्या दगडावर आपटला. घरी येऊन म्हणाला, "जिथं आपला कप येगळा, तिथं आपुन नाही." मग तो मरेपर्यंत बाहेर चहा प्यायला नाही. मी शिकलो, नोकरीला लागलो, कोणाच्याही घरी गेलो की आधी कप बघायचो, मग खुर्ची. अजूनही बघतो.

साहेबांना एवढंच म्हणालो, "साहेब, माझ्या बापाचाही कप असाच बाहेर वेगळा ठेवलेला असायचा."

साहेबांचे डोळे चमकले. "असं? त्याइले बी शौक होता?"

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना कळलं. साहेब तसेच हसत, हातात गरम पाण्याचं भांडं घेऊन उभे. मी पायऱ्या उतरलो. मागून त्यांचा आवाज आला, "भाऊ, अजून चहा व्हाचा हाय!"

मी खूप विचार केला. दुष्टपणा नव्हता, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. असता तर परवडलं असतं, दुष्टपणाला उत्तर देता येतं. पण अकरा चहांचे अकरा वास डोळे मिटून ओळखणारं ते नाक! हा एक वास त्याला आला नाही. पाटलाच्या घरात जन्मलेल्या माणसाला तो यायची गरजच पडली नव्हती. चौदा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाबद्दल त्यांना काय माहीत होतं? त्याला कोणता चहा आवडतो, एवढं.

मग मी काय केलं? ऑफिसात जाऊन नक्कल केली. "त्याइले बी शौक होता?" भुवया वर, हातात काल्पनिक किटली. लोक पोट धरून हसले. मी दोन वर्षं त्या नकलेवर जगलो. साहेब आठवडी बाजारात दिसले, त्यांनी हात वर केला, की मी वांगी निवडायला खाली वाकायचो. सुरुवातीला ते कोणाकोणाला विचारायचे, "ते काऊन येत नाही आता?" कोणी त्यांना सांगितलं नाही. मीही नाही. त्यांना कळत नाही याची मला एक चटक लागली होती, हे कबूल करतो.

मग एका सकाळी साहेब गेले. झोपेतच. मी मोक्षधामात गेलो, मागच्या रांगेत उभा राहिलो, आणि परत आलो. रडू वगैरे आलं नाही.

महिन्याभराने वहिनींचा फोन आला. "भाऊ, एकदा येऊन जा. कागद वाचाचा नाही, खरंच काम हाय."

गेलो. व्हरांड्यातली दिवळी रिकामी होती. म्हटलं, बरं झालं, फुटली असेल. वहिनींनी मला आत बसवलं आणि समोर बसल्या.

"तुम्ही गेल्यावर ते मले रोज विचारत, माझं काय चुकलं? मी काही दिवस गप्प राह्यली. मंग एक दिवस त्याइले म्हटलं, तुमच्या बापाच्या गोठ्यात दिवळी होती, तिच्यात एक कप राहे. कोणाचा होता तो, आठवते?"

"आठवला?"

"हाव. मी लग्न होऊन आली तेव्हाही होता तो. मी बी पाह्यला होता, भाऊ. मी बी काही म्हटलं नव्हतं." वहिनींनी पदराने डोळे पुसले. "हे त्या दिवशी जेवले नाही. दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन वापस आले. म्हणे, जाऊन काय सांगू? त्याइले सारं माहीत हाय, मलेच माहीत नव्हतं."

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, तेव्हाही रागच आला. एवढं शहाणपण जगाला शिकवणाऱ्या माणसाला गल्लीच्या तोंडापासून माझ्या दारापर्यंतची वीस पावलं चालता आली नाहीत. आणि मला? मी तर घरातच होतो.

वहिनी उठल्या आणि त्यांनी काचेचं कपाट उघडलं. दार उघडताच धुराचा भपकारा आला. मायच्या चुलीचा. अकरा किटल्यांच्या मधोमध माझी किटली होती. तिचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं, आणि शेजारी त्या धुराच्या चहाची पुडी सताड उघडी.

"मी त्या कपाचं बोलली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आणून ठेवली त्याइनं. दोन वर्सं झाले. मी म्हटलं, अहो, बाकीच्याइले वास लागन ना. साऱ्या खराब होतीन." वहिनींनी कपाटाच्या काचेवरून हात फिरवला. "तर म्हणे, लागू दे."

मी एक किटली उचलली, नाकाशी नेली. मग दुसरी. गोल पोटाची, बसकी, गोवरीवाल्या चहाची. सगळ्यांना तोच वास. एवढ्या वर्षांची त्यांची सगळी कमाई त्यांनी अशी नासवून टाकली होती, आणि ज्याच्यासाठी नासवली त्याला सांगितलंही नव्हतं. मी तिथेच खाली बसलो आणि हमसून हमसून रडलो. वहिनींनी मला रडू दिलं.

मग त्यांनी आत जाऊन पाणी उकळत ठेवलं आणि कपाटाशी येऊन विचारलं, "भाऊ, कोणत्या किटलीत करू?"

म्हटलं, "कोणतीही घ्या, वहिनी."