मोकळी ठेवलेली ओळ

मंगळवारी भाऊ वारला. बेळगावजवळच्या मच्छे गावात, कारखान्यात पाळी संपवून तो बाकावर बसला आणि उठला नाही. फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मी पुस्तक मिटलं, मुलांना बसायला सांगितलं आणि बाहेर आले.

त्याच्यामागे सहा गाणी राहिली. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा आणि गिटारही त्याचीच. पाच गाणी पूर्ण झाली होती. सहावंही पूर्ण झालं होतं, पण ते पूर्ण आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पुढचे काही आठवडे माझं सगळं भांडण याच एका गोष्टीसाठी होतं.

आमच्या घरात गाणं कधी एकट्याचं नव्हतं. आप्पा निपाणीच्या नगरपालिकेत कामाला होते. संध्याकाळी त्यांची गायन पार्टी जमायची: एक पेटी, एक ढोलकी आणि मागं म्हणायला चौघंजण. जयंतीच्या दिवसांत सदलगा, कोगनोळी आणि आजूबाजूच्या खेड्यांतून त्यांना बोलावणी यायची. आप्पा ओळ म्हणायचे आणि मागचे ती उचलायचे. आई तंबाखूच्या वखारीत जायची. तिथंही हीच रीत होती. एकीनं ओळ सांगायची, बाकीच्यांनी हात न थांबवता तीच परत म्हणायची. लहानपणी मला वाटायचं की गाणं म्हणजे दोनदा ऐकू येणारी गोष्ट.

आप्पा गेल्यावर पार्टी मोडली. पेटीवाले थकले, ढोलकीवाले मुलाकडे पुण्याला गेले. भाऊ काही वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायला. डिप्लोमा झाला होता, मच्छ्यात नोकरी लागली होती, तिथंच खोली घेतली होती. मग एके दिवशी त्यानं ऑर्केस्ट्रा सोडला, गिटार घेतली आणि सांगून टाकलं की इथून पुढं मी एकटाच गाणार, आणि माझंच गाणार.

आत्या आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. तिनंही जन्म वखारीत काढलेला. तिला हे अजिबात पटलं नाही.

"एकटाच गाणार? आनि मागं कोन म्हननार रं तुझ्या? भिंत?"

"व्हय आत्या, भिंतच. भिंत बेसूर तरी व्हत न्हाय."

"म्हंजे आमी बेसूर व्हय रं, मुडद्या?"

"तू न्हाईस गं. तू सुरात अस्तीस, बाकीच्यांनाच ते कळत न्हाय."

आत्यानं पायातली चप्पल उगारली. मारली मात्र नाही, उलट चहा ठेवला.

त्याच्या गाण्यांना काय म्हणायचं हे मला कळत नव्हतं. मी मराठी शिकवते, ओवी आणि अभंग मला ओळखता येतात. ही गाणी त्यांत बसत नव्हती आणि रेडिओवरच्या गाण्यांतही बसत नव्हती. एकदा त्यालाच विचारलं. तो सुट्टीला निपाणीला आला होता आणि माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानं शेंगा खात होता.

"ह्यात तीन गोष्टी हायत आक्का. पयली सोल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची, त्यांच्या चर्चमधनं आलेली. एकजण ओरडून सांगतो, बाकीचे त्याला उत्तर देतात. आप्पांच्या पार्टीसारखंच सगळं, फकस्त भाषा येगळी. दुसरी कंट्री. लांब रस्ता, ट्रक, माघारी राहिलेलं घर."

"त्याला अमेरिका कशाला पाहिजे? हायवे आपल्या दारात हाय."

"तेच की! आनि तिसरं पॉप. ते तुज्या कॉलेजच्या पोरी नाचतात ते. थोडं तेबी घातलंय, न्हायतर कोन ऐकनार?"

त्यानंतर मी ती गाणी नीट ऐकायला लागले. एखाद्या ओळीच्या शेवटी त्याचा आवाज चिरायचा, आणि ते चिरणं आप्पांचं होतं. गिटारीची चाल मोटारसायकल एकाच वेगात सोडून द्यावी तशी सरळ जायची. धृपद सोपं असायचं, भांडी घासताना तोंडात यायचं. गाणी मात्र सगळी एकट्या माणसाची होती. त्यानं लग्न केलं नाही, मीही केलं नाही. याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. गाण्यांतून तो थोडं बोलत होता आणि मी ऐकून घेत होते.

सहावं गाणं त्यानं मला कोगनोळीकडं ऐकवलं. आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचा डीजे लागला होता, म्हणून तो म्हणाला, चल, गाडीवर बस. नाक्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडला एक चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर आम्ही बसलो. इयरफोनची एक वायर त्याच्या कानात, एक माझ्या. दुसरा कान उघडा.

गाण्याची पहिली ओळ अशी होती:

शेवटची गाडी गेली, मी फाट्यावर राहिलो.

ती झाली आणि आवाज थांबला. गिटार थांबली. काहीच नाही. माझ्या उघड्या कानातून एक ट्रक गेला आणि मला क्षणभर वाटलं की तो गाण्यातलाच आहे. मग दुसरी ओळ आली आणि पुन्हा तसंच. प्रत्येक ओळीनंतर बरोबर एका ओळीएवढी जागा मोकळी होती.

"हे मधलं भरायचं राहिलंय?" मी विचारलं.

"राहिलं न्हाय."

"मग?"

त्यानं चहाचा कागदी कप चुरगळून हातातच धरून ठेवला. "आप्पा गेल्यापासनं मी ओळ म्हटली की कान मागं जातो, आक्का. ऑर्केस्ट्रात चार पोरी मागं असायच्या, तरीबी जायचा. मागं कोन न्हाय. ते गाण्यात ऐकू याया नको?"

तो पुढं म्हणाला, "कोनीबी काय सांगितलं तरी तिथं काय घालायचं न्हाय. लई जन सांगनार."

सांगणारा पहिला माणूस त्याचा मित्रच निघाला. बेळगावात टिळकवाडीला त्याची रेकॉर्डिंगची एक छोटी खोली आहे. सहाही गाणी त्यानंच ध्वनिमुद्रित केली होती, बहुतेक रविवारी, बहुतेक फुकट. भाऊ गेल्यानंतर काही दिवसांनी तो निपाणीला आला. लॅपटॉप उघडता उघडता म्हणाला,

"आक्का, एक केलोय. रागावू नका. आधी ऐका."

त्यानं सहावं गाणं लावलं. मोकळ्या जागांत आता दोन मुलींचे आवाज होते. हलके, गोड, अगदी सुरात. वाईट काहीच नव्हतं. कुणीही ऐकून छान म्हणावं असंच ते झालं होतं.

"हे काढा," मी म्हटलं.

"आक्का, तुमी समजून घ्या. तो असता तर येगळं होतं. लोकांनी विचारलं असतं, त्यानं सांगितलं असतं. आता तो न्हाय. आता हे असंच सोडलं तर लोक काय म्हणतील? काम अर्धं राहिलं आनि माणूस गेला. प्रत्येक मोकळ्या जागेत लोकांना त्याचं मरण दिसणार."

हे मी धरून चालले नव्हते. तो म्हणत होता ते खरं होतं. भावानं जी जागा हात लावून, मोजून ठेवली होती, ती आता त्याची राहणार नव्हती. मृत्यूनं येऊन तिच्यावर हक्क सांगितला होता. आणि ती भरली असती तर त्या जागेत भाऊ काय ऐकत होता हे कुणाला कळलं नसतं. दोन्हीकडून गाणं जात होतं.

मी त्याला म्हटलं, भावाच्या आठवणीचं पुण्यानुमोदन होईपर्यंत थांबा. त्या दिवशी ते जसं आहे तसं सगळ्यांसमोर लावू. तो हो म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्याला माझी दया येते आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गल्लीतल्या विहारात होता. पुढं सतरंजीवर वखारीतल्या जुन्या बायका बसल्या होत्या, वारलेल्या आईच्या बरोबरीच्या. आत्या मध्यभागी. कारखान्यातली चार-पाच माणसं भिंतीकडेला उभी होती. मी विचार केला होता की गाण्याआधी दोन वाक्यं बोलेन, मधली जागा मुद्दाम ठेवली आहे एवढं सांगेन. वाक्यं मनात तयार होती. उभी राहिले, समोरच्या बायकांकडं बघितलं आणि ती तशीच राहिली. मित्राला हातानंच खूण केली की लावा.

त्याआधी नुकतंच त्रिशरण, पंचशील झालं होतं. बौद्धाचार्य एक ओळ सांगत होते आणि सगळं विहार ती मागं म्हणत होतं. तोंडं तशीच लागलेली होती.

स्पीकरमधून भावाचा आवाज आला. शेवटची गाडी गेली, मी फाट्यावर राहिलो. आवाज थांबला.

आणि समोरच्या बायकांनी ती ओळ उचलली.

कुणी कुणाकडं बघितलं नाही. आत्यानं सुरुवात केली असं म्हणावं तर तसंही नव्हतं, सगळ्याजणी एकदम निघाल्या. शेवटची गाडी गेली, मी फाट्यावर राहिलो. जाड, घसरलेले, तंबाखूच्या धुळीनं बसलेले आवाज. त्या थांबल्या आणि त्याच क्षणी भावाची पुढची ओळ आली. जागा त्यांच्याच मापाची होती.

मी हात वर केला. थांबा, असं सांगायला. आत्याला वाटलं मी ताल देते आहे. तिनं मान डोलावली आणि पुढची ओळ आणखी मोठ्यानं घेतली. मी दोन्ही हात हलवले तेव्हा मागच्या बायकाही सुरू झाल्या. कारखान्यातला एक माणूस मला बघून हळूच टाळी धरायला लागला. मित्र लॅपटॉपवरून माझ्याकडं बघत होता, बंद करू का म्हणून. मी हात खाली घेतले.

मला राग आला होता. हे लिहितानाही त्यातला थोडा आहे. त्याला जे मागं ऐकू येत नव्हतं ते त्याच्या पश्चात येत होतं, आणि ऐकायला तो नव्हता. ह्या बायका त्याच गल्लीत होत्या, त्याच दारांत बसलेल्या होत्या. पण बोलावल्याशिवाय कोण कुणाच्या मागं गातं? आणि तो बोलावणाऱ्यातला नव्हता. मीही नाही.

शेवटची ओळ आली. कुणी हाक मारली असेल, तर मी इथंच आहे. बायकांनी ती म्हटली. भावाचा आवाज मात्र परत आला नाही. त्या ओळीनंतर त्यानं जागा मोठी ठेवली होती, इतर ओळींपेक्षा बरीच मोठी. टपरीवर ऐकताना हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बायका थांबल्या. वाट बघू लागल्या. वरचा पंखा ऐकू येत होता. कुणाचं तरी बाळ कुरकुरलं. एक बाई पदर तोंडाला लावून खाली बघू लागली. स्पीकर चालू होता, त्यावरचा लाल दिवा दिसत होता, आणि आतून काही येत नव्हतं.

"बिघडलं काय गं?" आत्यानं विचारलं.

"न्हाय आत्या. असंच हाय."

"असंच?"

"व्हय. त्यानंच ठेवलंय."

आत्या काही वेळ स्पीकरकडं बघत बसली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जेवणाच्या पंक्तीत वाढायला गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

बाहेर चपला घालताना मित्र माझ्याजवळ आला. त्यानं मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. "आक्का, त्या मुली मी काढतो. पण हे बायकांचं घालू की. आता तर तुमीच ऐकलासा. ह्याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार?"

चांगलं होतंच ते. मी पायरीवर उभी राहून विचार केला. ज्यांना मागं म्हणायचं ठाऊक आहे त्या कुठंही म्हणतील, त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आणि जो खोलीत एकटा बसून ऐकेल त्याच्यासाठी भावानं जे ठेवलं होतं ते त्यालाही मिळायला पाहिजे. लोकांना तिथं मरण दिसलं तर दिसू दे. मी म्हटलं, "नको. आहे तसंच सोडा."

त्यानं तसंच सोडलं. गाणं आता इंटरनेटवर आहे. फार लोकांनी ऐकलेलं नाही. खाली कुणीतरी लिहिलंय की मध्ये मध्ये आवाज जातो, दुरुस्त करून परत टाका. मित्रानं फोन करून विचारलं, काय उत्तर देऊ. देऊ नका, असं मी सांगितलं. आत्या आणि तिच्या बायका ते गाणं त्यांच्या पद्धतीनं म्हणतात, शेवटची ओळ झाली की थोडा वेळ गप्प बसतात आणि मग उठतात. मी त्यांच्यात जाऊन बसत नाही.

मच्छ्यातली खोली मी रिकामी करून दिली. गिटार निपाणीला आणली, ती मला वाजवता येत नाही. सहा गाणी आहेत. सहावं त्यानं ठेवलं तसं आहे. कॉलेजमधून आल्यावर मी ते कधी कधी लावते. मोकळ्या जागेत मी काही म्हणत नाही.