फ्रीजमधला शेवटचा रोल

मंडळी, आज सकाळी मोबाईलवर एका अर्जावर सही केली. बंद झालेला कॅमेऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रोल कंपनीनं पुन्हा काढावा, अशी मागणी आहे. खाली विचारलं होतं, "वर्षाला किती रोल घ्याल?" मी ऐटीत लिहिलं, वीस.

मागनं बायको म्हणाली, "अवो, फ्रीजात लोण्याशेजारी एक रोल पाच वर्षं पडलाय. त्यो कवा संपवायचा?"

"शेवटचा हाय गं. गारव्यात टिकतो म्हणून जपून ठेवलाय."

"मग कंपनीनं काढायचा कशाला? जपून ठेवायला?"



दुपारी रोल कॅमेऱ्यात भरला. पहिला फोटो तिचाच काढला, लोण्याच्या भांड्यासकट. जुना रोल, काय येईल देव जाणे. पण डार्करूममध्ये फोटो धुताना कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उमटताना अजून एकदा बघायचंय.

खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजण असाच शेवटचा रोल जपून बसलेत?